समकालीन कलाकारावरचा शालेय प्रकल्प नक्कल होऊन का बसतो : बिघाड कुठे, दुरुस्ती कशी

वडोदऱ्यातील शाळांमध्ये आणि दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील खासगी चित्रकला वर्गांमध्ये वर्षातून एकदा तरी ही सूचना निघतेच : एखादा समकालीन कलाकार निवडावा, त्याच्यापासून प्रेरणा घ्यावी आणि प्रकल्प सादर करावा. सूचनेत काहीही गैर नाही. मात्र सादरीकरणाच्या दिवशी टेबलांवर जे मांडलेले असते, त्याचे स्वरूप वर्षानुवर्षे बदलत नाही. पुठ्ठ्याच्या किंवा थर्मोकोलच्या फलकावर डाव्या कोपऱ्यात कलाकाराचे छापील छायाचित्र असते, त्याखाली जन्मतारीख आणि पुरस्कारांची यादी असते, आणि उरलेल्या जागेत त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कलाकृतीची लहान आकारातली नक्कल चिकटवलेली असते. वर्गातील बऱ्याच मुलांनी एकच कलाकार निवडलेला असतो, कारण गूगलवर तोच आधी येतो. शिक्षक निराश होतात, पालक आदल्या रात्रीच्या जागरणाने थकलेले असतात, आणि पुढच्या वर्षी हेच सगळे पुन्हा घडते.

या तक्रारीवर नेहमी सुचवले जाणारे उपाय, म्हणजे चांगल्या प्रतीचे रंग आणणे, वेळ वाढवून देणे किंवा प्रत्येकाला वेगळा कलाकार वाटून देणे, फारसे लागू पडत नाहीत. दिवाळीत उंबऱ्यापुढे रांगोळी काढताना कोणालाही न विचारता नवा आकार जुळवणारी मुलगीच प्रकल्प म्हटल्यावर छापील चित्रावर चौकटी आखून ते उतरवायला बसते; तेव्हा कल्पकता कमी पडते असे म्हणता येत नाही. बिघाड नियोजनाच्या अगदी सुरुवातीला होतो. विद्यार्थी कलाकाराच्या कामाचे बाह्य रूप उचलतो, पण ते रूप ज्या कारणाने तसे झाले ते कारण मागेच राहते. एकदा केवळ रूप हातात आले की नकलेखेरीज करण्यासारखे काही उरत नाही, मग साहित्य कितीही उंची असो.

बिघाड झाला आहे की नाही हे काम अर्ध्यावर असतानाच तपासता येते. फलकावरील कलाकाराचे नाव, छायाचित्र आणि माहिती कागदाने झाकावी आणि उरलेल्या भागाकडे पाहून विद्यार्थ्याला विचारावे की हेच काम नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या मुलाने केले असते तर त्यात काय वेगळे असते. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर प्रकल्पात विद्यार्थी अजून आलेला नाही. दुसरा प्रश्न साहित्याचा आहे : वापरलेली वस्तू काढून तिच्या जागी दुसरी लावली तर कामाचे काही बिघडेल का? बिघडत नसेल, तर साहित्य केवळ हाताशी होते म्हणून आले आहे. हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. मुलांना लांबलचक प्रश्नावली देण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ आहे, पण तिची उत्तरेही शेवटी कुठून तरी उतरवूनच येतात.

बाटल्यांच्या झाकणांचा प्रकल्प

सर्वांत जास्त वेळा फसणारा नमुना आधी घेतो. घाना येथे १९४४ मध्ये जन्मलेले आणि नायजेरियातील एन्सुका येथे दीर्घकाळ अध्यापन केलेले शिल्पकार एल अनात्सुई हे शालेय प्रकल्पांचे लाडके कलाकार झाले आहेत, कारण त्यांचे साहित्य फुकट मिळते असा समज आहे. दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनिअमची झाकणे आणि गळ्यावरच्या पट्ट्या चपट्या करून, दुमडून, पिळून आणि तांब्याच्या तारेने एकमेकींना जोडून ते भिंतभर पसरणारे, वस्त्रासारखे लवचीक पट तयार करतात. आपल्याकडे त्याचे रूपांतर असे होते की शीतपेयांची झाकणे गोळा केली जातात, पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवली जातात, वर सोनेरी फवारा मारला जातो आणि खाली ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे लिहिले जाते.

अनात्सुई यांच्या कामात झाकण हे कचरा म्हणून आलेले नाही. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विनिमयासाठी आणलेल्या वस्तूंमध्ये दारू होती, आणि अटलांटिक पलीकडच्या गुलामांच्या व्यापाराशी तिचा जवळचा संबंध होता. ती झाकणे एकत्र बांधताना तो सगळा इतिहास बांधला जातो. गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. वडोदऱ्यातल्या मुलाला ते झाकण रस्त्यात सापडण्याचीच पंचाईत आहे, आणि सापडलेच तर त्यामागची गोष्ट अगदी निराळी असेल. शीतपेयाचे झाकण त्या जागी बसवले की वस्तू बदलते, इतिहास गळून पडतो आणि हाती फक्त चकाकी राहते.

तांत्रिक बिघाडही याच ठिकाणी सुरू होतो. शीतपेयाच्या काचेच्या बाटलीचे दातेरी झाकण पोलादी पत्र्याचे असते. ते हाताने दुमडत नाही आणि त्याची कडा बोट कापते. दारूच्या बाटलीचे फिरकीचे झाकण पातळ अॅल्युमिनिअमचे असल्यामुळेच ते कापडासारखे वागू शकते. दातेरी झाकणे पुठ्ठ्यावर पांढऱ्या डिंकाने चिकटवली, तर तो डिंक लाकूड आणि कागद यांच्यासाठी असल्यामुळे झाकणाच्या गुळगुळीत, रोगण दिलेल्या पत्र्याला नीट धरत नाही. फलक उभा केला की झाकणे एकेक करून खाली येऊ लागतात. प्रदर्शनाच्या सकाळी मुलांची जी धावपळ दिसते तिचे कारण बहुधा हेच असते. ज्यांना झाकणेच वापरायची आहेत त्यांनी मोठ्या माणसाकडून खिळ्याने भोके पाडून घ्यावीत आणि तारेने बांधावे. मूळ कलाकार बांधतो, चिकटवत नाही, हेही त्या निमित्ताने हाताला कळते.

खरी दुरुस्ती मात्र वस्तू बदलण्यात आहे. अनात्सुई यांच्याकडून घ्यायची ती पद्धत अशी : आपल्या गावात ढिगाने पडून असलेली, ज्या वस्तूमागे व्यवहार, सण किंवा स्थलांतर आहे अशी एक वस्तू शोधावी, तिला एकच जोड द्यावी आणि ती जोड पुन्हा पुन्हा करत मोठा पट उभा करावा. वडोदऱ्यात अशा वस्तूंची वाण नाही. वासी उत्तरायणानंतर, म्हणजे १५ जानेवारीनंतर, गच्च्यांवर आणि झाडांवर पतंगांचा फाटका कागद आणि बांबूच्या कामट्या लोंबत असतात. नवरात्र संपले की गरब्याच्या मैदानाचे पास आणि मनगटावरच्या पट्ट्या घरोघरी पडून असतात. लग्नसराईनंतर एकाच घरात मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या पत्रिका निघतात. ज्या कुटुंबाची चौथी-पाचवी पिढी या शहरात राहते आहे, त्या कुटुंबाविषयी त्या पत्रिका पुष्कळ काही सांगतात. पस्तीच्या दुकानात जाण्यापूर्वी मुलाने आपल्या घराचा माळा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पतंगाच्या सामग्रीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. मांजाला काचेची पूड लावलेली असते. ती धुऊन काढण्याचा प्रयोग मुलांकडून करवून घेऊ नये, आणि नायलॉनच्या दोऱ्याला तर हातच लावू देऊ नये, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे आणि पक्ष्यांसह माणसांचेही जीव त्याने गेले आहेत. कागद आणि कामट्या घ्याव्यात, बांधण्यासाठी साधा सुती दोरा घ्यावा. पतंगाचा कागद फार पातळ असतो, त्यामुळे ओल्या डिंकाने तो सुरकुततो आणि त्याचा रंग पाझरतो. तो घडी घालून शिवावा किंवा कोरड्या चिकटपट्टीने जोडावा. दुधाच्या पिशव्या वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की त्या प्लास्टिकवर डिंक धरत नाही, शिवण धरते.

आपल्याच शहरातला कलाकार, तरीही नक्कल

दुसरा नमुना अधिक विचार करायला लावणारा आहे. स्थानिक कलाकार निवडला की प्रश्न सुटेल असे शिक्षकांना वाटते, आणि वडोदऱ्यात तशी सोय फार मोठी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली आणि तिच्याभोवती घडलेल्या कलाकारांची नावे देशभर घेतली जातात. त्यांपैकी गुलाममोहम्मद शेख यांचा जन्म १९३७ मध्ये सुरेंद्रनगर येथे झाला. ते याच संस्थेत शिकले, पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले आणि परत येऊन येथेच कित्येक वर्षे शिकवत राहिले. त्यांचे ‘सिटी फॉर सेल’ हे १९८१ ते १९८४ या काळात रंगवलेले मोठे तैलचित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि त्यात दिसणारे शहर हे आपलेच शहर आहे : एकीकडे चित्रपटगृहात ‘सिलसिला’ चालू आहे आणि त्याच गर्दीत दंगलही पेटली आहे.

तरीही विद्यार्थी त्या चित्रातली चार माणसे आणि दोन घरे उतरवून आणतो. शहर ओळखीचे असल्याने नक्कल टळत नाही, उलट ती अधिक सोपी होते. इथे विद्यार्थ्याला शेख यांनी काय रंगवले हे दाखवून भागत नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांचे काय केले ते दाखवावे लागते, आणि त्या दृष्टीने त्यांच्याइतका उपयोगी कलाकार शालेय प्रकल्पासाठी मला दुसरा माहीत नाही. १९६९ ते १९७३ या काळातील ‘रिटर्निंग होम आफ्टर अ लाँग अॅब्सेन्स’ या चित्रात खाली त्यांच्या आईचे व्यक्तिचित्र आहे, मागे वस्तीतली घरे आहेत आणि वर आकाशात इराणी लघुचित्रांतून आलेले देवदूत आणि बुराक, म्हणजे इस्लामी परंपरेतले पंख असलेले स्वर्गीय वाहन, आहेत. उसने घेतलेली प्रतिमा त्यांनी लपवलेली नाही, आणि ती जशीच्या तशी ठेवून स्वतः बाजूलाही झालेले नाहीत. तिच्या पायाशी आपले घर आणून ठेवले आहे.

‘मप्पा मुंडी’, म्हणजे जगाचा नकाशा, या त्यांच्या मालिकेत ही पद्धत आणखी उघड दिसते. जर्मनीतील एब्स्टॉर्फ येथील मठात तेराव्या शतकातला जगाचा एक नकाशा होता. तीस बकऱ्यांच्या कातड्यांना जोडून केलेला, सुमारे ३.६ मीटर लांब आणि तितकाच रुंद. मध्यभागी जेरुसलेम आणि कडांवर ख्रिस्ताचे मस्तक, हात आणि पाय, अशी त्याची रचना होती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात १९४३ मध्ये हॅनोव्हर येथे तो जळाला, पण त्याच्या प्रतिकृती उरल्या होत्या. अशाच एका छापील प्रतिकृतीवरून शेख यांनी काम सुरू केले आणि त्या जगाच्या वर्तुळात कबीर, लैलामागे वेडा झालेला मजनू, सुवर्णमृगामागे धावणारा राम आणि मेरी मॅग्डालीन यांना जागा दिली. एका धर्माच्या नजरेतून काढलेले जग त्यांनी अनेकांच्या वावरण्याचे केले.

हे सगळे मुलांना तोंडी सांगून पोहोचत नाही, कारण त्यांनी ते चित्र भ्रमणध्वनीच्या तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलेले असते. शाळेच्या पटांगणावर खडूने बारा फुटांचा चौरस आखावा आणि वर्गातल्या मुलांना त्यात बसवावे. जुना नकाशा केवढा होता हे तेव्हा समजते, आणि कडेला बसलेल्या मुलाला मध्यभागी बसलेल्याचा हेवा का वाटतो यावर चर्चा आपोआप सुरू होते. नकाशाच्या मध्यभागी काय ठेवायचे हा या प्रकल्पातला पहिला खरा निर्णय आहे. मांडवी, घर, शाळा, की आजोळ? विद्यार्थ्याने याचे उत्तर दिल्याशिवाय त्याला पेन्सिल देऊ नये.

त्यानंतर जुना आधार निवडावा. युरोपातला नकाशा पुन्हा उतरवण्याची गरज नाही; आपल्याकडे मोक्षपट आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला हा सोंगट्यांचा पट म्हणजे सापशिडीचे मूळ रूप, आणि तोही एक प्रकारे जगाचा नकाशाच आहे : सद्गुणांच्या शिड्या वर नेतात, दुर्गुणांचे साप खाली आणतात आणि शेवटच्या घरात मोक्ष आहे. वडोदऱ्यातील विद्यार्थ्याने या पटाच्या घरांत आपले शहर बसवावे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही रस्त्यांवर आल्या. ज्या मुलाने ते पाहिले आहे त्याला सापाच्या जागी काय काढायचे हे सांगावे लागणार नाही. शिडी कोणती, यावर मात्र मुले अडतात, आणि तिथे शिक्षकाने घाईने उत्तर पुरवू नये. शेजारच्या काकांनी गच्चीवर घेतले ती शिडी असेल, किंवा पणजोबांना गायकवाडांच्या चाकरीत मिळालेली जागाही असेल.

एकाच भिंतीवर अनेक प्रसंग कसे मांडावेत हे समजत नसेल, तर मुलांना रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याची सहल घडवावी. एकोणिसाव्या शतकातल्या त्या मराठी वाड्याच्या भिंतींवर पुराणकथा आणि समकालीन जीवन यांची चित्रे शेजारी-शेजारी रंगवलेली आहेत. तिथे चित्रे उतरवायला लावू नये. एका प्रसंगातून दुसऱ्यात डोळा कसा जातो, मध्ये खांब आहे, पट्टी आहे की रिकामी जागा आहे, एवढेच वहीत टिपून आणायला सांगावे.

उघडणारी कावड उघडत का नाही

शेख यांच्या कावडींवरून होणाऱ्या प्रकल्पांचा बिघाड वेगळ्या जातीचा असल्यामुळे त्याला थोडी जास्त जागा देतो. राजस्थानात चित्तोडगडजवळील बस्सी गावचे सुतार लाकडाचे लहान, अनेक दारांचे देवघर करतात, त्यालाच कावड म्हणतात. कथा सांगणारे भाट ते घेऊन यजमानांकडे जातात आणि एकेक दार उघडत, मोरपिसाने चित्राकडे निर्देश करत, गोष्ट सांगतात. शेख यांनी हे रूप घेऊन अनेक पाकळ्यांच्या कावडी केल्या. विद्यार्थी पुठ्ठ्याची कावड करतो, सर्व दारे सताड उघडी ठेवतो आणि ती टेबलावर उभी करतो. सगळे एकदम दिसत असेल तर दारांचा उपयोग काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कावडीचे नियोजन चित्रांपासून करू नये, उघडण्याच्या क्रमापासून करावे. आधी साध्या वहीच्या कागदाची लहान घडी करून प्रत्येक दारावर फक्त एक शब्द लिहावा आणि ती दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातात द्यावी. पुढचे दार उघडण्याची त्याला उत्सुकता वाटली नाही, तर क्रम बदलावा. रंग लावल्यानंतर तो बदलता येत नाही.

बांधणीत तीन ठिकाणी खोट निघते. पहिली बिजागरीत : दोन पुठ्ठे अगदी भिडवून चिकटपट्टी लावली की दार पूर्ण मिटत नाही आणि ओढले की पट्टी सुटते. पुठ्ठ्याच्या जाडीच्या सुमारे दुप्पट फट ठेवावी, म्हणजे दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याला चार मिलिमीटर, आणि पुस्तकबांधणीची कापडी पट्टी किंवा जुन्या सुती धोतराची चिंधी खळीने चिकटवावी. दार ज्या बाजूला मिटायचे त्याच्या विरुद्ध अंगाला पट्टी यावी. एकाआड एक दारे उलटसुलट मिटणारी असतील तर पट्ट्याही एकदा पुढून, एकदा मागून येतील. दुसरी खोट रंगात : पोस्टर रंगाचा जाड थर घडीवर तडकतो आणि त्याचे पोपडे निघतात, म्हणून बिजागरीच्या पट्टीवर रंग नेऊ नये, तिला आधीच रंगीत कापडाची करावी. तिसरी खोट पावसाळ्यात हमखास दिसते. पुठ्ठ्याच्या एकाच अंगाला ओला रंग किंवा डिंकाने कागद लावला की तो कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठा वाकतो. मागच्या अंगालाही तसाच कागद, त्याच डिंकाने, त्याच वेळी लावावा आणि रात्रभर सपाट वजनाखाली ठेवावा. वाकलेला पुठ्ठा इस्त्रीने सरळ करण्याचा प्रयत्न अनेक घरांत होतो. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकतो.

‘नुसत्या रेषाच तर आहेत’

नसरीन मोहम्मदी हे नाव वडोदऱ्यातले वरच्या वर्गांतले विद्यार्थी हमखास निवडतात, आणि त्यामागचा हिशेब सरळ असतो : रेषा सोप्या. कराचीत १९३७ मध्ये जन्मलेल्या मोहम्मदी १९७२ पासून १९९० मधील मृत्यूपर्यंत याच शहरात शिकवत होत्या. आखणीच्या उपकरणांनी, शाईने आणि पेन्सिलीने काढलेल्या त्यांच्या रेषांमागे बांधकाम, यंत्रमाग, रस्ते आणि पाणी यांचे निरीक्षण असल्याचे त्यांच्या छायाचित्रांवरून समजते. तेव्हा दुरुस्ती छायाचित्रांपासून सुरू करावी. विद्यार्थ्याने सूरसागरच्या काठचे कठडे, विजेच्या तारा, जिन्याच्या पायऱ्या किंवा पावसात ओला झालेला रस्ता यांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांतले सर्व काढून टाकत फक्त दिशा आणि अंतरे ठेवावीत आणि मग आखणीला बसावे. रेषा आखताना शाई पट्टीखाली ओढली जाऊन डाग पडतो, ही नेहमीची तक्रार आहे. पट्टीच्या खालच्या अंगाला दोन ठिकाणी नाणी चिकटवून कडा कागदापासून थोडी उचलली की तो डाग पडत नाही.

गुण, वेळ आणि घरची मदत

आता एक अप्रिय बाब. मुलांनी नक्कल आणावी अशी व्यवस्था बहुतेक वेळा आपल्या गुणपत्रकातच असते. वीसपैकी दहा गुण नीटनेटकेपणाला आणि पाच माहितीला असतील, तर छापील माहिती आणि सुबक नक्कल हेच त्या मागणीचे योग्य उत्तर आहे आणि विद्यार्थी ते अचूक देतो. वीसपैकी आठ गुण प्रयोगवहीला, सहा गुण वस्तूच्या किंवा आधाराच्या निवडीमागच्या कारणाला, चार बांधणीला आणि दोनच माहितीला ठेवून पाहावे. प्रयोगवहीत फसलेले नमुनेही चिकटवलेले असावेत आणि प्रत्येकाखाली ते का सोडले याचे एक वाक्य असावे. ही वही आदल्या रात्री तयार करता येत नाही, हाच तिचा मोठा उपयोग आहे.

वेळेबाबत एवढेच सांगतो की चार आठवडे मिळत असतील तर पहिला आठवडा एकच कलाकृती पाहण्यात आणि ती करताना कलाकाराच्या हातांनी काय काय केले असेल, म्हणजे कापले, बांधले, दुमडले, झाकले, खोडले, याची यादी करण्यात जावा. दुसरा छोट्या नमुन्यांत जावा. शेवटचे दोन दिवस रिकामे ठेवावेत, कारण डिंक आणि रंग वाळायला जो वेळ लागतो तो कोणाच्याही वेळापत्रकात धरलेला नसतो.

आईवडिलांनी कटर चालवावा, जड पुठ्ठा कापून द्यावा, खळ शिजवून द्यावी. निर्णय मात्र विद्यार्थ्याचे असावेत. आजीआजोबांची मदत वेगळी आणि अधिक मोलाची असते, कारण वस्तूमागची गोष्ट त्यांच्याकडे असते; आजीला ‘आपण बडोद्याला कसे आलो?’ असे विचारून तिचे बोलणे तिच्याच शब्दांत वहीत उतरवणे हे प्रकल्पाचेच काम समजावे. हयात असलेल्या कलाकाराच्या घरी मुलांना मुलाखतीसाठी पाठवण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडू पाहते आहे, ती मला पसंत नाही. त्यांची पुस्तके, प्रदर्शने आणि प्रकाशित मुलाखती पुरेशा आहेत.

अलीकडे संगणकाला ‘अमुक कलाकाराच्या शैलीत वडोदरा’ असे सांगून तयार चित्र काढून घेण्याचा मार्ग मुलांना सापडला आहे. त्यावर रागावण्यापेक्षा आरंभी दिलेले दोन प्रश्न त्या चित्राला लावावेत. नागपूरच्या मुलालाही तेच चित्र मिळाले असते हे विद्यार्थी स्वतःच कबूल करतो. स्वामित्वहक्काविषयीही थोडे स्पष्ट असावे. भारतीय कायद्याप्रमाणे कलाकृतीवरचा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. शिकण्या-शिकवण्याच्या ओघात वर्गात प्रतिकृती करण्याला कायद्यात सवलत आहे, पण तीच प्रतिकृती शाळेच्या आनंदमेळ्यात भेटकार्ड म्हणून विकायला ठेवणे ही निराळी गोष्ट आहे आणि ती टाळावी.

मांडणीच्या दिवशी कलाकाराचे छायाचित्र लावायचेच असेल तर ते प्रयोगवहीत लावावे, कामाशेजारी नको. कावड मिटलेली ठेवावी आणि ती उघडायला विद्यार्थी स्वतः उभा राहावा. मोक्षपट भिंतीवर टांगण्यापेक्षा जमिनीवर पसरून, शेजारी कवड्या ठेवून, पाहणाऱ्यांना खेळू द्यावा. पाटीवर चरित्र न लिहिता चार ओळी लिहाव्यात, साधारण अशा : ‘पद्धत : गुलाममोहम्मद शेख यांच्या मप्पा मुंडी मालिकेवरून, जुन्या जगाच्या चित्रात आपली माणसे बसवणे. आधार : मोक्षपट. मध्यभागी : आजीचे चोखंडीतले जुने घर, जे आता नाही. साहित्य : लग्नपत्रिका, सुती दोरा, खळ.’ पाटीवरची दुसरी आणि तिसरी ओळ ज्या विद्यार्थ्याला कोणालाही न विचारता लिहिता येते, त्याच्या कामाला वर दिलेल्या तपासणीची गरज उरत नाही. ज्याला येत नाही, त्याला रंगकाम थांबवून नमुन्यांच्या आठवड्याकडे परत पाठवावे, मग सादरीकरण पुढे ढकलावे लागले तरी चालेल.